टेकडीवरची दोन चाकं

टेकडी तशी काही फार मोठी नव्हती. तरण्याताठ्या माणसाला पंधरा मिनिटं, गुडघे कुरकुरणाऱ्याला अर्धा तास, की आलाच माथा. वर बघण्यासारखंही विशेष काही नाही. गवत, चार वाकडी झाडं, दोन्ही उतारांतून डोकं बाहेर काढलेला एक काळा खडक आणि सगळ्यात वर सिमेंटची गोल पाण्याची टाकी. पण टेकडीच्या दोन अंगांना दोन गावं वसलेली, आणि दोघांनाही आपण शहर असल्याचा भारी अभिमान. उगवतीच्या गावात सुताची गिरणी आणि पावाची भट्टी, मावळतीच्या गावात मोठी शाळा आणि दवाखाना. दोघंही एकमेकांना ‘पलीकडचे’ म्हणत आणि म्हणताना नाक जरासं मुरडत. पाणी मात्र दोघांनाही त्या एकाच टाकीतून यायचं.

टाकी ज्याच्या ताब्यात होती त्याला सगळे टाकीवालाच म्हणत. त्याचं पाळण्यातलं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. वय सत्तावन्न, अंगाने काटक, स्वभावाने तसा बरा. पण डोक्यात एकदा काही बसलं की ते पहारीने उचकटलं तरी निघायचं नाही. राहायला उगवतीच्या गावात. सव्वीस वर्षं तो रोज उजाडता उजाडता वर चढायचा, टाकीच्या पायथ्याच्या चेंबरचं झाकण सरकवायचा, आत उतरायचा आणि दोन लोखंडी चाकं फिरवायचा. नऊ वाजले की दोन्ही बंद करायची आणि खाली यायचं. डावं चाक उगवतीच्या बाजूला. त्याचा पाइप पंचवीस-तीस पावलं उगवतीकडे जाऊन मातीत शिरलेला. उजवं चाक मावळतीच्या बाजूला. त्याचा पाइप मावळतीकडे. डावं आपलं, उजवं त्यांचं. यात विचार करण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं.

काम शिकवलं होतं ते आधीच्या म्हाताऱ्या टाकीवाल्याने. त्याचे नियम दोनच. दोन्ही चाकं सोळा सोळा फेरे उघडायची, हा एक. आणि दुसरा म्हणजे, एक बंद आणि एक चालू असं कधीही ठेवायचं नाही. उघडली तर दोन्ही, बंद केली तर दोन्ही. एकटं चाक चालू राहिलं की पाण्याचा धक्का बसतो आणि जुना जोड सुटतो, असं म्हातारा डोळे मोठे करून सांगे. तो जोड कधी सुटला होता का, हे त्याने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. कुठे पाइप फुटला तर दोन्ही गावं कोरडी ठेवून दुरुस्ती व्हायची. लोक बोंब मारत, पण सव्वीस वर्षांत एक चाक दुसऱ्याशिवाय कधी फिरलं नाही.

आता ताईचं सांगायला हवं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, लग्न होऊन मावळतीच्या गावात गेलेली. आई शेवटची दोन वर्षं तिच्याकडेच होती, कारण दवाखाना तिकडे. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी साडेसातला आई गेली. टाकीवाल्याला निरोप मिळाला तो नऊनंतर, चाकं बंद करून टेकडी उतरताना. आईची तब्येत पहाटेपासूनच ढासळली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मुलाला नव्हतं. मेव्हण्याने मुद्दाम निरोप दाबला, असं त्याने मनाशी पक्कं केलं. आईच्या उशाशीच दोघांची जुंपली. ताई मध्ये काही सांगायला गेली, तर याने तिलाही झिडकारलं. “आजपासून तुम्ही मला नाही आणि मी तुम्हाला नाही,” असं म्हणून तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उजवं चाक सोळाऐवजी सहाच फेरे उघडलं.

घरी येऊन बायकोला सांगितलंही. “बसू दे आता नळाखाली तोंड वासून.”

“त्या गावात लहान पोरं आहेत हो,” बायको म्हणाली. “आणि एका घरावरच्या रागासाठी सगळ्या गावाला कशाला शिक्षा?”

पण तो ऐकतो कसला. पुढच्या महिन्यात बघू, राग निवला की बघू, असं करता करता अकरा वर्षं गेली. मध्ये मेव्हणा वारला, तेव्हाही हा गेला नाही. राग कधीच निवला होता खरं तर. उरली होती ती लाज, आणि लाज रागापेक्षा चिवट असते. चाक सहावरच राहिलं.

याच अकरा वर्षांत दोन गोष्टी अशा घडत होत्या की ज्यांचा त्याला उलगडा व्हायचा नाही. एक म्हणजे, त्याच्याच गावातले लोक पाण्याच्या नावाने शंख करू लागले. पाणी वर चढत नाही, बादली भरायला युग लागतं, धार आहे की घाम आहे. भट्टीवाला तर भर रस्त्यात विचारायचा, “काय टाकीवाले, आज थुंकून तरी टाका आमच्या नळात.” टाकीवाल्याने गावासाठी डावं चाक सोळावरून वीसवर, म्हणजे अगदी शेवटपर्यंत उघडलं. तरी फरक शून्य. मग त्याने ठरवलं की पाइप आतून गंजलाय आणि लोकांची हाव वाढलीय. त्याच्या स्वतःच्या घरात स्वयंपाकघराचा नळ तेव्हापासून कोरडाच. बायकोने अंगणात खड्डा करून नळ त्यात खाली उतरवून घेतला होता, म्हणजे निदान बारीक धार तरी लागायची. त्यात उतरून, कंबरेत वाकून, ती तांब्या तांब्याने बादल्या भरायची. रोज, अकरा वर्षं.

दुसरी गोष्ट म्हणजे, मावळतीच्या गावातून एकही तक्रार आली नाही. पाणी निम्म्याहून कमी केलं तरी हूं नाही की चूं नाही. त्याचा अर्थ त्याने असा लावला की मनातून ते खजील झाले असावेत. माणसाला एखादा अर्थ सोयीचा असला की तो लगेच पटतो.

मग एके दिवशी सकाळी सात वाजता मीटरवाली बाई आली.

बाई म्हणजे तिशीतली मुलगीच, पाणीखात्यातून आलेली, खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात लांब लोखंडी गज, काखेत फाइल. दोन्ही पाइपांवर मीटर बसवायचे होते. ती चेंबरमध्ये उतरली, चाकांचे फेरे मोजले आणि वर बघून म्हणाली, “काका, हे वीस आणि हे सहा. असं का?”

“उतार तसा आहे,” टाकीवाला म्हणाला.

बाईने दोन्हीकडच्या उतारांकडे बघितलं. मग म्हणाली, “आधी डावीकडचा मीटर घेऊ. डावं बंद करा.”

“दोन्ही बंद करावी लागतील.”

“कशाला? उगाच दुसरं गाव कोरडं.”

“एकटं चाक चालू ठेवायचं नसतं. धक्का बसतो. जोड सुटतो.”

“कुणी सांगितलं?”

“आधीच्या टाकीवाल्याने.”

“आणि त्यांना कुणी सांगितलं?”

बाईने बाह्या वर सारल्या आणि स्वतःच डावं चाक हळूहळू फिरवत आणलं. टाकीवाला चार पावलं मागे सरला. चाक पूर्ण बंद झालं. धक्का नाही, आवाज नाही, जोडबिड काही सुटला नाही. सव्वीस वर्षांची भीती अशी फुसकी निघाल्यावर त्याला थोडा रागच आला, कुणाचा ते कळेना.

“घरी कळवतो,” तो म्हणाला आणि त्याने बायकोला फोन लावला. “अगं, आपलं पाणी गेलं असेल. घाबरू नकोस, तासाभरात येईल.”

“गेलं कुठे?” पलीकडून बायकोचा आवाज चढलेला. “उसळतंय नुसतं. बादली कलंडली माझी. स्वयंपाकघरातल्या नळालासुद्धा पाणी आलंय, केवढ्यांदा. काय केलंत तुम्ही?”

“कुठलं पाणी?”

“नळाचं. आणखी कुठलं?”

“आपल्या नळाचं?”

“अहो, बरे आहात ना तुम्ही?”

त्याने फोन बंद केला आणि डाव्या चाकाकडे बघितलं. बंद होतं. हात लावून बघितलं, तरी बंदच होतं. आपलं चाक बंद आणि आपल्या घरी पाणी उसळतंय. त्याने स्वतःचा डावा हात उचलून बघितला, जणू त्याचीच खात्री उरली नव्हती. बाई त्याच्याकडे बघत होती.

“पलीकडच्या गावातला कुणाचा नंबर आहे का तुमच्याकडे?” तिने विचारलं. “तिकडे काय चाललंय ते कळलं पाहिजे.”

“नाही. तिकडे माझं कुणी नाही.”

“थांबा, फाइलमध्ये एक आहे.” बाईने पानं उलटली. “गंमत आहे बघा. तुमच्या गावच्या त्रेसष्ट तक्रारी आणि त्यांची एकही नाही. उलट आभाराचं पत्र आहे. पाणीखात्याला आभाराचं पत्र मी पहिल्यांदाच बघितलं. खाली नंबरही दिलाय.” तिने नंबर फिरवला आणि बोटांना माती लागली होती म्हणून फोन चेंबरच्या कडेवर ठेवून आवाज मोठा केला.

“हॅलो?” बाईमाणसाचा आवाज आला, थोडा घोगरा. अकरा वर्षांत तो आवाज म्हातारा झाला होता, पण ताईचा होता.

“मी पाणीखात्यातून बोलतेय. तुमच्याकडे आत्ता पाणी आहे का?”

“आत्ताच गेलं बघा. मी भांडी घासतच होते.” मग आवाज घाईचा झाला. “तुम्ही टाकीवरून बोलताय का? तिथे माझा भाऊ असतो. तो बरा आहे ना? नाही, म्हणजे या वेळेला तो पाणी कधी तोडत नाही. अकरा वर्षांत नाही तोडलं. काही झालं का त्याला?”

बाईने टाकीवाल्याकडे बघितलं. त्याने दोन्ही हात हलवून नको नको केलं.

“बरे आहेत ते,” बाई म्हणाली. “इथेच उभे आहेत.”

“उभा आहे तर बोलत का नाही? तुम्ही त्याला खाली जाऊ देऊ नका. मी येते वर.” आणि फोन बंद झाला.

टाकीवाला झाकणावर बसला. बाईने त्याला बाटलीतलं पाणी दिलं. ते पिताना त्याच्या मनात भलतंच आलं, की हे नेमकं कुठल्या चाकाचं. बाई मात्र कामाची होती. तिने गज घेतला, पाइप जिथे मातीत शिरत होता तिथून सुरुवात केली. गजाचं एक टोक जमिनीत रोवायचं, दुसरं कानाला लावायचं, आतलं पाणी ऐकायचं, दोन पावलं पुढे जायचं. डावीकडे शांत होतं, कारण ते बंद होतं. म्हणून ती उजव्या पाइपावर निघाली. थोडं मावळतीकडे गेल्यावर थबकली, मागे आली, बाजूला गेली.

“काका, इकडे या. ऐका.”

त्याने गज कानाला लावला. खाली खोल कुठेतरी पाणी घोंघावत होतं. बाई ज्या बाजूला सरकत होती ती मावळती नव्हती. पाइप काळ्या खडकापर्यंत गेला होता, तिथे अडला होता, आणि खडकाला वळसा घालून, टेकडीच्या मागच्या अंगाने, सरळ उगवतीच्या गावाकडे उतरला होता. मग बाईने डावं चाक थोडं उघडून तोही पाइप ऐकला. तोही खडकाला अडून वळला होता, उलट्या बाजूने. एका ठिकाणी तर एक पाइप दुसऱ्याच्या खालून जात असावा. तिथे दोन आवाज एकात एक गुंतलेले येत होते.

“खोदणाऱ्यांना खडक लागला,” बाई म्हणाली. “फोडायचा कंटाळा केला असणार. फिरवून नेले दोन्ही. आणि कागदावर लिहिलं नाही कुणी. तुम्हाला कधीच कळलं नाही?”

“दोन्ही चाकं बरोबरच फिरवायची,” तो पुटपुटला. “एकटं कधी...”

तो खडकावर बसून हिशेब करू लागला, पण डोकं चालेना. डावं ते त्यांचं. उजवं ते आपलं. म्हणून डावं बंद होताच सगळा जोर उजव्यात जाऊन आपल्या नळाला पाणी उसळलं. म्हणजे त्या सकाळी आपण ताईचं म्हणून जे आवळलं ते आपल्या गावाचं. आणि आपल्या गावासाठी जे शेवटपर्यंत उघडलं ते ताईच्या गावाचं. भट्टीवाला खरं बोलत होता. त्रेसष्टच्या त्रेसष्ट लोक खरं बोलत होते. ज्यांना तहानेने छळायचं त्यांना आपण अकरा वर्षं न्हाऊ घातलं, आणि घरात बायकोला... इथे तो थांबायचा आणि परत डाव्यापासून सुरू करायचा. दर वेळी काहीतरी उलटंसुलटं व्हायचं. आपण वाईट वागलो हे त्याला कळत होतं. पण ज्याच्याशी वाईट वागलो त्याचं भलं झालं असेल, तर त्या वाईटपणाचं करायचं काय, हे कळत नव्हतं. आनंद व्हावा की शरम वाटावी? दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

एवढं मात्र लख्ख कळत होतं की ताई वर येतेय. ती येईल, मीटरवाली बाई तिला पाइपांची गंमत सांगेल, आणि सहा फेऱ्यांचा अर्थ ताईला क्षणात लागेल. ताई लहानपणापासून हुशार. अकरा वर्षांनी ती आपण होऊन येत होती आणि येताक्षणीच तिला समजणार होतं की आपला भाऊ रोज सकाळी आपलं पाणी तोडायला टेकडी चढत होता. मग ती परत कधी येणार नाही. हे त्याला नको होतं. इतकं नको होतं, की आपण अकरा वर्षं तिच्याशिवाय कसे राहिलो, याचंच त्याला नवल वाटू लागलं.

बाईने तोवर दोन्ही मीटर बसवले. चाकं सोळा-सोळावर आणून ठेवली.

ताई मावळतीच्या वाटेने आली. केस पूर्ण पांढरे, पायात घरातल्याच चपला, हाताला भांड्यांचा साबण तसाच वाळलेला. धाप लागली होती. टाकीवाला उभा राहिला. ती त्याच्यापाशी आली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “छोट्या, धडधाकट तर दिसतोयस. मग पाणी का गेलं? माझा जीव टांगणीला.”

छोट्या म्हणणारं जगात एवढंच एक माणूस उरलं होतं.

बाई फाइल मिटत सहज म्हणाली, “मावशी, इतके दिवस चुकून तुमच्याकडे जास्त पाणी जात होतं. आता सारखं केलंय.”

टाकीवाल्याने डोळे मिटून घेतले.

“चुकून?” ताई हसली. “चुकून नाही हो. तुम्हाला नाही कळायचं ते. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून आमचं पाणी वाढलं. गावात कुणाला कारण कळेना, मला कळलं. तोंडाने बोलणार नाही हा, लहानपणापासून असाच. भांडला की तासाभराने आपल्या ताटातलं माझ्या ताटात सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. सारखं केलंत ते बरं केलंत. पण चुकून म्हणू नका.”

बाईने ताईकडे बघितलं. मग टाकीवाल्याकडे बघितलं. मग उजव्या चाकाकडे, जे सकाळी सहावर होतं. तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि हळूहळू गेली. “बरं,” ती म्हणाली. “नाही म्हणत.” गज खांद्यावर टाकून ती उतरून गेली.

“चल, वहिनीला भेटते,” ताई म्हणाली.

नऊ वाजायला अजून वेळ होता, म्हणून चाकं चालूच ठेवून दोघं उगवतीची वाट उतरू लागले. ताई पुढे, हा मागे. वाट अरुंद होती, हे बरं होतं. तोंड दिसत नव्हतं. त्याने दोनदा घसा खाकरला. सांगून टाकावं असं वाटे, आणि सांगायचं काय त्याची सुरुवात सापडत नसे. मी तुझं वाईट करत होतो पण झालं चांगलं, हे कुठल्या तोंडाने सांगतात?

“ताई, ते पाणी...”

“राहू दे रे. पाण्याचं बोलायचं नसतं म्हणून तर तू बोलला नाहीस.” ती जरा थांबली, झाडाला हात टेकून. “मीच दोनदा वरपर्यंत आले होते. तू पाठमोरा उभा होतास, चेंबरमध्ये बघत. हिंमत झाली नाही. आईचं त्या दिवशी तुला सांगायला गेले, तर तू ऐकलं नाहीस.”

“काय सांगायला?”

“निरोप धाडू नका, असं तीच म्हणाली होती. पहाटे हे निघाले होते तुला आणायला, चपला घालून दारात. तिने थांबवलं. म्हणाली, पाण्याची वेळ आहे, दोन गावं त्याच्या भरवशावर आहेत, नऊ वाजले की बोलवा. तिला वाटलं होतं नऊपर्यंत राहील.”

टाकीवाला वाटेतच उभा राहिला. मेव्हणा दारात चपला घालून उभा आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि पाठोपाठ मेव्हणा वारला ती बातमी आली तेव्हा आपण जेवत होतो आणि जेवत राहिलो, हेही आठवलं. आता डावं-उजवंसुद्धा राहिलं नाही. सगळंच फिरलं.

“रडतोयस काय वेड्यासारखा,” ताई म्हणाली. “चल.”

बायको अंगणातच होती. नळाच्या खड्ड्यापाशी उभी राहून पाण्याकडे बघत होती. ताईला बघताच ती पुढे झाली. दोघी बायका एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग चहा झाला. ताईने बसल्या बसल्या तीच गोष्ट परत सांगितली, आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून पाणी कसं वाढलं, शेजारणी कशा विचारायच्या, आपण कशा गालातल्या गालात हसायचो. बायको कप हातात धरून ऐकत होती. ‘दुसऱ्या दिवशीपासून’ हे शब्द आले तेव्हा तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग स्वयंपाकघराच्या नळाकडे बघितलं, अंगणातल्या खड्ड्याकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला. तिला कुणी पाइप समजावून सांगायची गरज पडली नाही.

ताई हाताचा साबण धुवायला अंगणात गेली. बायको स्वयंपाकघरात गेली, तसा टाकीवाला मागोमाग आला.

“सांगून टाकतो तिला,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला राहवत नाही. माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय.”

बायकोने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो रडण्याने थरथरत नव्हता. “तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्यावर ओझं घालणार? तिच्याजवळ काय आहे दुसरं? नवरा गेला, आई गेली. भाऊ पाणी धाडतो एवढंच होतं. ते काढून घेणार?”

“आणि तुझं?”

“माझं काय? अकरा वर्षं त्या खड्ड्यात वाकले. कंबर गेली. कशासाठी वाकले ते आज कळलं. त्यातून तिला निदान सुख तरी लागलं. तिला सांगितलंत, की माझं वाकणंही फुकट. तुमच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बघेन. तिला एक अक्षर सांगायचं नाही.”

तो काही बोलणार इतक्यात दारात ताई उभी. ओले हात पदराला पुसत होती. नवराबायकोंनी एकदम तिच्याकडे बघितलं.

“वहिनी,” ताई म्हणाली, “एक विचारू? खरं सांग हं. कधी कधी कानावर यायचं, तुमच्याकडे पाण्याचे हाल आहेत म्हणून. माझ्या जिवाला लागायचं ते. हा मला देतो म्हणून तुला कमी तर पडलं नाही ना इतकी वर्षं?”

बायकोने एक हात ओट्यावर टेकून कंबर सावकाश सरळ केली, पुढे होऊन नळ सोडला, आणि मोठी धार भांड्यात धाडधाड पडू लागली.

“छे हो वन्सं,” ती म्हणाली. “लोकांना काय, काहीही बोलतात. बघा ना तुम्हीच. रोज असंच येतं.”